अकराव्या नंबरची लाल टिकली

डेल्मर क्विग्लीच्या हिशेबाने त्या खोलीत चौदा माणसं होती आणि बास्केटबॉल कळणारा एक. तो एक भिंतीला टेकून उभा होता आणि तीन खुर्च्या रिकाम्या असूनही बसत नव्हता. एकतीस वर्षं तो स्पोकेन लॉगर्स या संघासाठी कॉलेजा-कॉलेजांत फिरून खेळाडू हेरत आला होता. दर जूनमध्ये ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या दिवशी त्याला असल्याच मठ्ठांपुढे अक्कल वाटत बसावं लागे. वाटून वाटून त्याची संपली नाही आणि घेणाऱ्यांकडे ती साचली नाही.

टेबलावर जेवणाला मागवलेल्या भाजलेल्या बरगड्यांचे खोके उघडे पडले होते. त्यांच्या मधोमध संघाचा सर्वेसर्वा प्रेस्टन वीलॉक लॅपटॉप मांडून बसला होता. वय छत्तीस, केस जाहिरातीतल्यासारखे, आणि संघाच्या मालकाची मुलगी त्याची बायको. डेल्मरला त्याची तीच एक लायकी दिसत होती. मालक गस हॅल्व्होर्सन कोपऱ्यातल्या सोफ्यावर हकलबेरी नावाच्या रानफळाची पेस्ट्री खात होता. मोटारघरं विकून त्याने पैसा केला होता, आणि खेळाडूसुद्धा तो टायरला लाथ मारून पाहिल्यासारखा पारखायचा.

पाच वाजता तिकडे न्यूयॉर्कमध्ये नावं पुकारायला सुरुवात झाली होती. प्रत्येक संघाला पाच मिनिटं. लॉगर्सचा नंबर अकरावा, आणि आता टीव्हीवर आठवं नाव झालं होतं.

समोरच्या भिंतीवर पांढरा फळा होता. त्यावर साठ पोरांच्या नावांच्या चुंबकपट्ट्या, आणि प्रत्येक नावाशेजारी संघाच्या डॉक्टरने लावलेली एक टिकली. हिरवी म्हणजे धडधाकट, पिवळी म्हणजे जपून, लाल म्हणजे हात लावू नका. मार्कीस ओग्लेस्बी या नावापुढे लाल होती.

डेल्मरला तोच पोरगा हवा होता. दुसरं काही नको होतं त्याला या जगात.

ओग्लेस्बी आर्कन्सा राज्यातला, डावखुरा, कॉलेजात सामन्यामागे सव्वीस गुण करणारा. जानेवारीत उडी मारून उतरताना डाव्या पायाचं करंगळीमागचं हाड मोडलं, आत स्क्रू बसला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. असलं हाड पुन्हा मोडतं, अशी त्या धंद्यात सगळ्यांना धास्ती. त्यात त्याचा एजंट रस कोव्हिंग्टन याने नवे एक्सरे लॉगर्सला पाठवलेच नव्हते. एजंटांची ती जुनी खोड आहे. ज्या संघात पोराला धाडायचं नसतं, त्याला कागद दाखवायचे नाहीत. आणि लॉगर्सचा नियम असा की कागद नाहीत तर टिकली लाल. नियम प्रेस्टनचा होता. मग ती लाल टिकली तीन आठवडे समोर पाहून पाहून सगळ्यांची खात्री पटली की पाय गेलाच.

"अरे, ती टिकली पायाची नाही, पाकिटाची आहे!" डेल्मर तिसऱ्यांदा म्हणाला. "एक्सरेचं पाकीट आलं नाही म्हणून लावलीय. डॉक्टरांनाच विचारा."

डॉक्टर लिन फुजिमोटोने चष्मा वर केला. "खरंय ते. मी पाय पाहिलेला नाही. बरा आहे असंही म्हणणार नाही, बिघडलाय असंही नाही."

"मी पाहिलाय," डेल्मर म्हणाला.

ते खरं होतं. मे महिन्यात रसने त्याला गुपचूप फोन केला होता. "तू एकटा ये. कॅमेरा नको, तुमच्यातलं दुसरं कुणी नको. डोळे आहेत असा तुमच्याकडे तू एकच माणूस आहेस." डेल्मर रसला गटारातला उंदीर समजत असे, पण उंदीरसुद्धा कधीतरी खरं बोलतो असं त्याला त्या दिवशी वाटलं. दोन विमानं आणि एक भाड्याची मोटार करून तो पोराच्या आडगावी गेला. चर्चमागच्या छोट्या हॉलमध्ये पोरगा दोन तास खेळला. डेल्मरने चेंडूकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. डाव्यावर उडत होता, डाव्यावर उतरत होता, आणि उतरताना चेहऱ्यावर आठी नव्हती. नंतर मार्कीस पाणी प्यायला गेला तेव्हा डेल्मरने त्याचे बूट उलटे करून तळ पाहिले. दुखरा पाय माणूस लपवतो, पण बूट लपवत नाही. भार चोरला की एका बाजूचा तळ झिजतो आणि दुसऱ्या बाजूचा कोरा राहतो. ते दोन्ही तळ सारखे झिजले होते.

मार्कीसच्या आईने त्याला तळलेला कॅटफिश मासा वाढला आणि विचारलं, "मिस्टर क्विग्ली, तुमची माणसं ऐकतील ना तुमचं?"

"ऐकतील," डेल्मर म्हणाला होता. "मी तुमच्या मुलाला घेऊन जाणार." एकतीस वर्षांत त्याने कुणाच्या आईला असा शब्द दिला नव्हता.

आता तो ती बुटांची गोष्ट खोलीत सांगत होता, आणि प्रेस्टनचा एक पोरसवदा मदतनीस तोंडावर हात धरून हसत होता.

"म्हणजे एक्सरे नको, चांभार बोलवू या!" तो म्हणाला.

"चांभार परवडला," डेल्मर म्हणाला. "तो पायाकडे बघतो तरी. तुम्ही बघता पडद्याकडे."

टीव्हीवर नववं नाव झालं. एका संघाने उंचच उंच फ्रेंच पोरगा घेतला आणि टीव्हीवरचे लोक त्याच्या हातांची लांबी सांगत सुटले. हातांची लांबी! कपाटावरचा डबा काढायचाय का, असं डेल्मर पुटपुटला, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मग एक नवल घडलं. प्रेस्टनने लॅपटॉप अर्धा मिटला आणि खुर्ची फळ्याकडे वळवली.

"खरं सांगू, गस? मीही कालपासून याच पोराचा विचार करतोय," तो म्हणाला. "आपल्याकडे गुण करणारा कुणी नाही. सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या भागात चेंडू कुणाकडे द्यायचा हेच ठरत नाही आपलं. आजवरची आकडेवारी पाहिली तर या दुखापतीतून दहातले आठ पुन्हा नीट उभे राहतात."

"मग टिकली?" गसने विचारलं.

"टिकली माझ्याच नियमाची आहे, मीच उठवू शकतो. डेल्मरने पाहिलाय म्हणतो. धोका आहे, पण अकराव्या नंबरवर असा हात पुन्हा मिळायचा नाही."

गसने काटा खाली ठेवला. "बारावा नंबर कुणाचा?"

"लॉस एंजेलिसचा. ते टपलेत त्याच्यावर."

"मग घे की, बाबा. ते टपलेत म्हणजे गाडी चालू असणार."

झालं होतं काम. डेल्मरने तेव्हा तोंड मिटून भिंतीला टेकून राहायचं होतं, एवढंच. कुत्र्यालाही कळतं की हाड तोंडात आल्यावर भुंकायचं नसतं. पण प्रेस्टनने 'मीही कालपासून विचार करतोय' म्हटलं आणि डेल्मरने भिंत सोडली. कालपासून! डेल्मर दोन विमानं करून गेला होता, त्याने कॅटफिश खाल्ला होता, त्याने तळ पाहिले होते, आणि हा जावईबापू कालपासून विचार करत होता!

"वा!" डेल्मर म्हणाला. "उशिरा का होईना, यंत्राला अक्कल आली."

"डेल्मर," डॉक्टर हळूच म्हणाली.

"नाही, मला बोलू द्या. गेल्या वर्षी याच यंत्राने तो सात फुटी लांबडा निवडला होता ना? साध्या पासवर डोळे मिटतात त्याचे! त्याच्या आदल्या वर्षी कोण, तर तो डेन्मार्कचा. तो परत घरी जाऊन मासे विकतोय. तेव्हाही मी याच भिंतीपाशी उभा राहून सांगितलं होतं. गस, तुम्ही मुलगी दिलीत ते दिलीत, संघ कशाला दिलात?"

त्या मदतनीसाचंही हसू मावळलं. गसने मान खाली घालून पेस्ट्रीचा तुकडा इकडून तिकडे सरकवला. सासऱ्यासमोर, हाताखालच्या बारा माणसांसमोर प्रेस्टनच्या कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या.

टीव्हीवर दहावं नाव पुकारलं गेलं. त्यानंतरची पाच मिनिटं आता लॉगर्सची होती.

"बूट पाहून खेळाडू घेत नाही आपण," प्रेस्टन म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. "नियम म्हणजे नियम. टिकली लाल आहे. वेस्ली ट्रॉब घ्या."

"ट्रॉब?" डेल्मर ओरडला. "अरे, तो ट्रॉब म्हणजे उकडलेला बटाटा आहे! मीठसुद्धा नाही त्यात!"

"त्याची टिकली हिरवी आहे," प्रेस्टन म्हणाला आणि फोन उचलला.

"प्रेस्टन, ऐक. मला शिव्या घाल, काढून टाक मला, पण पोरगा घे. मघाशी तूच म्हणालास ना?"

"मघाशी मी चुकत होतो."

गस पेस्ट्री खात राहिला. मोटारघरं विकणारा माणूस. घरातलं भांडण दुकानात आणायचं नसतं एवढं त्याला पक्कं ठाऊक. ट्रॉबचं नाव न्यूयॉर्कला कळलं. सहा मिनिटांनी लॉस एंजेलिसने मार्कीस ओग्लेस्बी घेतला. टीव्हीवर पोराच्या आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मार्कीस पायऱ्या चढून गेला, दोन-दोन पायऱ्या एकदम, डाव्या पायावर.

डेल्मर बाहेर आला. वाहनतळावर ऊन अजून सणसणीत होतं. सगळे गाढव, सगळे टोणगे, असं म्हणत तो आपल्या जुन्या पिकअपपर्यंत पोचला तोच फोन वाजला. रस होता, आणि त्याच्यामागे टाळ्या आणि आरडाओरडा.

"डेल्मर! मित्रा! तुझे आभार मानायला फोन केला."

"कसले आभार? माझ्या गाढवांनी नाही घेतला त्याला."

"तेच तर म्हणतोय! पोराला समुद्र हवा होता, मला मोठ्या शहरातल्या जाहिराती हव्या होत्या. आड येणारे फक्त तुम्ही. अकरावे."

"म्हणून कागद दाबलेस. ठाऊक आहे मला. सगळे एजंट तेच करतात."

"कागद दाबून भागत नाही रे! तुमचा प्रेस्टन काही बावळट नाही. त्याने कालच मला फोन केला होता, पाय कसा आहे म्हणून. म्हटलं, गेलं आता सगळं." रस हसला. "मग आठवलं, तू आहेस ना."

डेल्मरने पिकअपच्या दारावर हात ठेवला. पत्रा तापला होता, तरी त्याने हात काढला नाही.

"मी काय?"

"वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी नजर एक नंबर, ती सगळा धंदा मानतो. पण तू ज्याची बाजू घेतोस त्याला तुमच्याकडे कुणी घेत नाही, हेही सगळा धंदा जाणतो. सात वर्षांत एक तरी घेतला का? तू तोंड उघडलंस की समोरचा उलटं करणारच. मे महिन्यात तुला बोलावलं ते उगाच का? जोरात बोललास ना आज?"

डेल्मरने पिकअपच्या काचेतल्या स्वतःकडे पाहिलं.

"बोललाच असशील. पोराच्या आईने तुला नमस्कार सांगितलाय. तिला बिचारीला यातलं काही माहीत नाही. ती म्हणते, भला माणूस आहे, फार प्रयत्न केले असतील त्याने."

फोन बंद झाला. डेल्मरने रससाठी शिवी शोधली. उंदीर आठवला, साप आठवला. त्याच्याकडे एकतीस वर्षांचा साठा होता, पण त्यातलं काहीच रसला लागू पडेना. जे जे जिभेवर येई ते परत फिरून त्याच्यावरच बसे. दहातले आठ, प्रेस्टन म्हणाला होता. घे की, बाबा, गस म्हणाला होता. पोरगा आला होता दारात, आणि दार डेल्मरनेच लावलं होतं.

टोपी आत राहिली होती, म्हणून तो परत गेला. फळ्यावरून ओग्लेस्बीची पट्टी काढून टाकली होती; ती खोक्यात बरगड्यांच्या हाडांवर पडली होती, लाल टिकलीसकट. दुसऱ्या फेरीची तयारी चालली होती. प्रेस्टनने मान वर केली. त्याच्या कानांचा लाल रंग अजून उतरला नव्हता.

"काय, डेल्मर? अडतिसाव्या नंबरसाठी बोल. सांग, आम्ही कसे मूर्ख आहोत ते."

सगळे वाट पाहू लागले. मदतनीसाने हसायची तयारीही केली.

"तुला कोण बरा वाटतो, प्रेस्टन?" डेल्मरने विचारलं.

कुणी हसलं नाही. प्रेस्टनने गसकडे पाहिलं, गसने काटा ठेवला. कुणीतरी उठून खुर्ची पुढे सरकवली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा डेल्मर बसला.

डॉक्टर फुजिमोटो घाईने त्याच्याजवळ आली आणि वाकून त्याची नाडी धरली.

"काय होतंय, डेल्मर?" तिने हळूच विचारलं. "कुठे दुखतंय?"