रामीबाईचं नाव माझ्यात आहे

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि माझी कथा तुम्हाला सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही. मी कधी शेत नांगरलं नाही, की कुणाचा जीव वाचवला नाही. मी फक्त नावं सांभाळली. तीही एकदा नीट सांभाळता आली नाहीत.

नागपूरच्या एका लहानशा दुकानात माझे भाग जोडले गेले. तिथून मी एस.टी.नं यवतमाळला आलो, तो नाहिदच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळून. नाहिद एका लहान संस्थेत काम करायची. लोहाऱ्याच्या रस्त्यावर, जफरभाईंच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत तिचं कार्यालय होतं. कापसाला भाव नसण्याची ती वर्षं. घरात ओढाताण सुरू झाली की मुलीची शाळा सगळ्यांत आधी सुटायची.

संस्थेच्या तीन मोहिमा एकाच वेळी चालत. एक विहिरींतला गाळ काढण्यासाठी, एक शिलाई मशीनसाठी आणि एक राळेगावकडच्या बावीस मुलींच्या सायकलींसाठी. देणगीदारांची नोंद ठेवणारं एक सॉफ्टवेअर माझ्यात होतं. कुणी दिलं, कशासाठी दिलं, आभाराचं पत्र गेलं की नाही, हे सगळं मी सांगायचो. "सायकलीचा पैसा विहिरीत पडला नाही पाहिजे, बरं का," असं नाहिद मला दटावायची. मी तो पडू दिला नाही. पुण्याच्या एका बाईंनी तिन्ही मोहिमांना देणगी दिली होती आणि त्यांचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं गेलं होतं. त्यांच्या फोन नंबरावरून मी ते ओळखलं आणि तिन्ही नोंदी एक केल्या. संस्थेच्या प्रमुख विमलताई म्हणाल्या, "वा! मानसापेक्षा हुशार हाय हे." त्या कौतुकानं मी फुगलो. माझी चूक तिथंच सुरू झाली असावी.

सायकलींसाठी मुंबईच्या एका गृहस्थांची अट होती. त्या मुलींच्या गावातल्या शंभर माणसांनी आपल्या हातानं काही दिलं, दहा रुपये का होईना, तर बावीसही सायकली ते देणार. मुदत मार्चअखेरची.

कापूस वेचणीच्या दिवसांत नाहिद पावतीपुस्तक घेऊन गावात गेली. वेचणीच्या मजुरीतून बायकांनी दहा-दहा रुपये दिले, पावतीच्या स्थळप्रतीवर अंगठे उमटवले. परत आल्यावर ती नोंदी करू लागली. पण फोन नंबराचा रकाना रिकामा ठेवला तर मी पुढे जाऊ देत नसे. चौदा बायकांकडे फोनच नव्हता. नाहिदनं सगळ्यांपुढे गावातल्या धावजींच्या किराणा दुकानाचा नंबर लिहिला. कुणाचाही निरोप तिथंच यायचा, मग तिचं तरी काय चुकलं?

मार्चमध्ये पत्रं छापण्याआधी मी पडद्यावर विचारलं, या सगळ्या नोंदी एकाच माणसाच्या दिसतात, एक करू का? पुण्याच्या बाईंची आठवण ठेवून नाहिदनं 'होय' दाबलं. चौदा बायकांची मी एक तानाबाई केली. पत्र गेलं, तेही एकच.

आकडा एक्याण्णव दिसला तेव्हा नाहिदनं तो दोनदा काढून पाहिला. "ताई, मले वाटलं शंभराच्या वर गेलतो आपण."

"मशीन खोटं बोलते का?" विमलताई उसासा टाकून म्हणाल्या आणि अट पुरी झाली नाही असं मुंबईच्या गृहस्थांना पत्र लिहायला बसल्या.

मुदतीला एकच दिवस उरला असताना जिन्यावर भांडण वर चढत आलं. पुढे त्या चौदांतली रामीबाई, मागे पत्र मिळालेली तानाबाई.

"काहून वं नाहिद, मले चिठ्ठी काहून नाही आली? हिनं एकटीनं एकशेचाळीस देल्ले म्हणे! आम्ही का बोंडं मोजून राह्यलो होतो तिथं?"

"मी कुठं म्हणलं वं तसं?" तानाबाई रडकुंडीला आली होती. "चिठ्ठीच तशी आली, त्याले मी काय करू? चार दिवसांपासून गावात कोनी बोलत नाही माह्याशी. धावजी त मले शेठानी म्हनते!"

नाहिदनं ते पत्र हातात घेतलं. तिचा चेहरा उतरला. "तानाकाकू, रामीकाकू, बसा. पानी घ्या. तुमचं काही चुकलं नाही. माह्याच हातानं झालं हे."

तिनं पत्र्याच्या पेटीतून पावतीपुस्तक काढलं. चौदा स्थळप्रती, चौदा अंगठे, आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. मला मात्र त्या साऱ्या बायका एकच दिसल्या होत्या.

दोन वाजता भारनियमनात वीज जाणार होती. पावणेदोन वाजले होते. नाहिदनं तानाबाईच्या नावापुढे दहाच रुपये ठेवले आणि उरलेल्या तेरा नोंदी पुन्हा करायला घेतल्या. सगळ्यांच्या, तानाबाईच्याही, फोनच्या रकान्यात तिनं शून्यं लिहिली, तर मी पुन्हा अडवलं, हे तेच माणूस दिसतं, एक करू का?

"नाही," ती मोठ्यानं म्हणाली आणि तसंच दाबलं.

मी तेरा वेळा विचारलं. ती तेरा वेळा नाही म्हणाली.

"लय हेकेखोर हाय वं तुह्यं मशीन," रामीबाई म्हणाली. "आमच्या घरच्या बुढ्यावानी."

तानाबाईला डोळे पुसता पुसता हसू आलं. आकडा एकशेचार झाला, अहवाल मुंबईला गेला आणि पंखा थांबला.

जूनमध्ये सायकली आल्या. चौदा वेगळी पत्रं धावजींच्या दुकानात पोचली. रामीबाईच्या नावानं टपालानं आलेला तो पहिला कागद होता, असं नाहिद नंतर सांगत होती.

आता नवा संगणक आला आहे. मी कोपऱ्यात असतो. जफरभाई अधूनमधून वर येऊन माझ्या पंख्यात अडकलेला कापसाचा तंतू काढतात, तेवढीच चौकशी. मध्यंतरी रामीबाई आली. सायकल मिळालेली तिची नात आता नर्सचं शिक्षण घेते आहे.

"माह्यं नाव हाय ना यात अजून?" तिनं विचारलं.

नाहिदनं मला सुरू केलं. जागा व्हायला मला दहा मिनिटं लागली. रामीबाई थांबली. मग तिचं नाव पडद्यावर आलं, एका ओळीत, तिचं एकटीचं.

मित्रांनो, तुमच्या घरचं यंत्र कधी विचारेल की ही सगळी माणसं एकच आहेत का. त्याला उत्तर देण्याआधी त्या माणसांना विचारा. आणि मला भंगारात द्यायचं असेल तर खुशाल द्या, माझी तक्रार नाही. फक्त त्याआधी वीज असेल असा एक दिवस पाहा, आणि माझ्यातली नावं उतरवून घ्या. चौदाच्या चौदा.