तांब्याच्या तारेचं टोक

तिवशाजवळच्या एका गावात पार्वताबाईच्या अंगणवाडीतलं तान्हं बाळ निळं पडलं, तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटवर बोट ठेवलं. बाळ वाचलं; पण तपासणीला पाठवलेल्या पाण्याचा अहवाल काही येईना. दोन हजार सहा सालची गोष्ट.

मिस्बाह तेव्हा अमरावतीला रसायनशास्त्रात संशोधन करत होती; ही हकीगत तिच्या कानावर आली. नायट्रेट ओळखणारा परदेशी इलेक्ट्रोड विभागाच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून तिनं तो स्वतःच करायला घेतला. केसासारखी तांब्याची तार घ्यायची आणि काचेची नळी वितळवून तिच्यात बसवायची. पण थंड झाली की काच तडकायची, फटीत पाणी शिरायचं आणि आकडे भरकटायचे. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

"विषय बदलूया का?" तिच्या मार्गदर्शक देवश्री मॅडमनी विचारलं. मिस्बाहनं डब्याची पिशवी उचलली आणि ती बाहेर पडली.

राजापेठेत तिच्या भावाचं, नईमचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. डबा द्यायला गेलेली मिस्बाह कॉइलकडे बघतच राहिली. तारेचे वेढे एकमेकांना खेटून होते, तरी शॉर्ट होत नव्हते. तारेवरच्या वार्निशच्या पातळ थरामुळे! आणि आपण तेच वार्निश जाळून वर काच चढवत बसलो! तिनं तार उचलली, पेनाच्या रिकाम्या रिफिलीत ओवली, एपॉक्सी गोंद भरला, सुकल्यावर टोक कापून पॉलिश पेपरवर घासलं. उघडं राहिलं ते टोकाचं ठिपक्याएवढं तांबं. प्रयोगशाळेत आकडे जागचे हलले नाहीत. मॅडमनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच!

ती तार घेऊन ती त्या गावच्या पारावर गेली, तेव्हा मात्र सरपंच भगवंतराव हसले. "रिफिलीनं पानी तपासून राहिली का तू, पोरी?" ते घरात गेले आणि तीन ग्लास भरून घेऊन आले. कोणतं पाणी कुठलं, ते काही सांगेनात. मिस्बाहनं प्रत्येकात थोडं आम्ल मिसळलं, तार बुडवली. तारेला जोडलेल्या मीटरवरचे आकडे तिनं वाचले.

"या दोन ग्लासांत नायट्रेट जास्त आणि अगदी सारखं; एकाच विहिरीचे असणार. लेकरांना देऊ नका. तिसरं चांगलं आहे."

भगवंतरावांनी तिन्ही ग्लास पुन्हा निरखले. मग मोठ्यानं म्हणाले, "बराबर! ते दोन्ही आपल्या गावच्या विहिरीचे. तिसरं माह्या मळ्यातल्या बोरचं."

पारावर एकच गलका झाला.

"मंग आता लेकराईले तुमच्याच बोरचं पानी," पार्वताबाईनं ठणकावलं.

"नाही कोन म्हनते?" भगवंतराव म्हणाले.

पार्वताबाई मिस्बाहजवळ सरकून बसली. "मले शिकवतं का हे?"

त्या उन्हाळ्यात पार्वताबाईनं स्वतः बनवलेल्या इलेक्ट्रोडनं शेजारच्या गावची विहीर तपासली आणि फोनवर ओरडून आकडा सांगितला. मिस्बाहनं भर प्रयोगशाळेत टाळ्या वाजवल्या.