माझी सातवी ओळ

मी तक्ता बोलतोय. भिंतीवरचा. तुमच्याही शाळेत माझा कुणीतरी भाऊबंद असणार, फळ्याच्या बाजूला, वर. आठवत नाही ना? नाहीच आठवणार. तक्ता वाचायला कुणी शाळेत जातं होय?

माझा जन्म शहापूरच्या एका छपाईच्या दुकानात झाला. फ्लेक्सचा आहे मी, म्हणजे चांगल्या घरचा. माझ्या आधी मशीनवरून एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बोर्ड निघाला आणि माझ्यानंतर पावभाजीचा. मधे मी. डोक्यावर ठळक अक्षरांत ‘इयत्ता पाचवी, इंग्रजी : विद्यार्थ्याला काय यायला हवे’ आणि खाली बारा ओळी. राज्यानं ठरवलेल्या! विद्यार्थी ऐकतो, विद्यार्थी ओळखतो, विद्यार्थी वाचतो. माझ्यातला विद्यार्थी भलताच गुणी, त्याला सगळं येतं. मी खराखुरा विद्यार्थी पाहिला तो किन्हवलीच्या पुढच्या एका पाड्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेत. तो पेन्सिल चावत होता.

तिथं सरिता बाईंनी मला भिंतीवर ठोकलं. दोन खिळे आणि एक सुतळी. खरं सांगायचं तर भिंतीला ओल आली होती, ती झाकायला मी बरा होतो. बाई मुरबाडहून रोज एसटीनं यायच्या आणि पहिली ते पाचवी एकट्या सांभाळायच्या. पाच वर्षं मी त्या वर्गात काढली. माझ्यामागे एक पाल राहायची, तिचा संसार माझ्या पाठीवर झाला. पोरांनी माझ्यावर खडूचे तुकडे नेम धरून मारले. वाचलं मात्र कुणी नाही. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

आणि एका अर्थी बरंच होतं ते. कारण माझ्या अंगावर एक डाग होता. शाईचा नाही, अब्रूचा. आठवड्यातून एकदा बाई मराठीचं शुद्धलेखन घ्यायच्या. पोरं तालावर ओरडायची, “द अर्धा, ध पूर्ण! युद्ध, बुद्ध, शुद्ध!” ते सुरू झालं की मी भिंतीला आणखी चिकटून बसायचो. का, ते पुढे कळेलच.

आता माझी सातवी ओळ ऐका. तिचा मला फार तोरा. ‘विद्यार्थी स्वतःविषयी व कुटुंबाविषयी शुद्ध इंग्रजीत पूर्ण वाक्यांत बोलतो.’ काय रुबाब आहे की नाही? याच ओळीनं घोळ घातला.

गेल्या एप्रिलमध्ये पाचवीची तोंडी परीक्षा घ्यायला वेखंडे साहेब आले. साहेब म्हणजे केंद्रप्रमुख, डझनभर शाळा त्यांच्या हाताखाली. माणूस वाईट नाही, पण कागदावर लिहिलंय म्हणजे लिहिलंय, असा. पाचवीत पोरं सहा. पाच जण ‘माय नेम इज’ करत सुटले. सहावी समीक्षा. दोन वेण्या, बोलायला मिरचीसारखी तिखट, पण साहेबांपुढे हात मागे बांधून उभी.

“टेल मी अबाउट युवर फॅमिली,” साहेब म्हणाले.

समीक्षा म्हणाली, “आय इज गोइंग गोडाऊन.”

साहेबांनी चष्मा वर सरकवला. “आय इज नाही, बाळा. आय ॲम. आय ॲम गोइंग. परत सांग.”

“आय इज गोइंग गोडाऊन.”

“आणि डाऊन म्हणजे खाली. कुठं खाली जातेस तू?”

“मी नाय जात सायब, ती...”

“मराठी नको! इंग्रजीत, इंग्रजीत.”

संपलं. पोरीनं ओठ घट्ट मिटले ते मिटलेच. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, “सातवी ओळ,” असं पुटपुटले आणि कागदावर लिहिलं : जमत नाही. माझ्याकडे बघून लिहिलं हो! मला तर त्या क्षणी मोठा मान वाटला. लाज वाटायला हवी होती, पण ती नंतर वाटली.

निकाल लागला. पाच पोरं पास आणि समीक्षा इंग्रजीत दोन गुणांनी राहिली. शाळा उघडायच्या आधी फेरपरीक्षा होती. त्यातही राहिली, तर पाचही जण सहावीला किन्हवलीच्या मोठ्या शाळेत जाणार आणि ही एकटी परत पाचवीत, याच खोलीत, माझ्याच समोर बसणार. तिनं जोडीदारणींबरोबर किन्हवलीला एकत्र जायचं म्हणून कुणी कुठल्या बाजूनं चालायचं इथपर्यंत ठरवून ठेवलं होतं.

निकालाच्या दिवशी सगळे गेल्यावर बाईंनी तिला जवळ बसवलं. “अगं, ‘आय’ म्हणजे ‘मी’, हे पहिलीपासून घोकतोय ना आपण?”

“ठाव हाय मला, बाई. पन सायबांनी घरच्यांबद्दल इचारलं. मी आयबद्दल सांगत होते. माझी आय. ती जाते ना पडघ्याला गोडाऊनमदी, पॅकिंगच्या कामाला.”

बाईंनी कपाळावर हात मारला. मी भिंतीवर होतो म्हणून, नाहीतर मीही मारला असता. आय इज गोइंग गोडाऊन! आई गोडाऊनला जाते. वाक्य चांगलं पायावर उभं होतं आणि आम्ही दोघांनी, साहेबांनी आणि मी, ते आडवं पाडलं.

“मग ‘मदर’ म्हणायचं होतंस,” बाई हसत म्हणाल्या.

“मदर पुस्तकातली हाय, बाई. ती केक बनवते. माझी आय हाय.”

बाईंचं हसू तिथंच थांबलं.

मे महिन्यात बाईंनी मला खिळ्यांवरून उतरवलं. पालीची काय धावपळ झाली! मला वाटलं, आपली वेळ भरली. पण नाही. गुंडाळी करून, काखेत मारून बाई मला एसटीत घेऊन बसल्या आणि आमची स्वारी निघाली शहापूरला. तिथं तालुक्याच्या शिक्षकांची बैठक होती. इंग्रजी शिकणाऱ्या पोरांना काय यायला हवं, हे राज्य नव्यानं ठरवत होतं आणि मसुद्यावर गावोगावच्या शिक्षकांचं म्हणणं मागवलं होतं. म्हणजे माझ्याच गादीवर कोण बसणार याची बैठक, आणि मला तिथं काखेतून नेलेलं!

हॉलमध्ये पंखे गरगरत होते, पोहे संपले होते. मसुद्यातली एक ओळ कुणीतरी मोठ्यानं वाचली, ‘विद्यार्थी मॉलमधील फलक वाचतो.’ लगेच मागून उंबरमाळीकडचे एक गुरुजी उठले. “आमच्या पोरांना मॉल कुठला? फलक एकच, स्टेशनचा. तो मात्र पोरं तीन भाषांत वाचतात!” सगळे खो खो हसले आणि ‘मॉल’ खोडला गेला.

मग सरिता बाई उठल्या. मला टेबलावर पसरलं, सातव्या ओळीवर बोट ठेवलं आणि समीक्षाची गोष्ट सांगितली. ‘गोडाऊन’ आल्यावर हॉल हसून हसून लोळला. ‘केक’ आल्यावर मात्र कुणी हसलं नाही.

“या ओळीत एवढंच लिहा,” बाई म्हणाल्या, “की पोर घरच्या बोलीतले शब्द घेऊन का होईना, इंग्रजीत अर्थ लागेल असं बोलतं. पहिली शिडी तीच आहे, ती काढून घेऊ नका.”

वेखंडे साहेब पहिल्याच रांगेत होते. कानाच्या पाळ्या लाल. ते उठून म्हणाले, “बाईंचं लिहून घ्या. चूक माझी झाली.” मला वाटलं, सुटली पोर! पण लगेच पुढचं वाक्य आलं. “मात्र फेरपरीक्षेला जुनाच तक्ता लागू राहील. नवा यायला जूनअखेर होईल. तोवर शुद्ध म्हणजे शुद्ध. माझाही नाइलाज आहे.”

परत येताना एसटीत मी बाईंच्या मांडीवर गुंडाळून पडलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण नसतो तर बरं झालं असतं.

फेरपरीक्षेच्या दिवशी वर्गात तिघंच होते : बाई, साहेब, समीक्षा. आणि मी, परत खिळ्यांवर. बाईंनी पोरीला आठ दिवस पढवलं होतं, ‘माय मदर’ म्हण गो, एवढंच म्हण. साहेबांनीही या खेपेला आवाज मऊ ठेवला. तोच प्रश्न विचारला.

समीक्षानं एकदा दम घेतला. “आय ॲम समीक्षा,” छातीवर हात ठेवून. मग हात दारातून रस्त्याकडे, जिथून गोडाऊनची गाडी जाते तिकडे. “माय आय इज सुंदरा. आय इज गोइंग टू गोडाऊन. आय ॲम गोइंग टू किन्हवली.”

बाईंनी डोळे मिटले. साहेब हसले, पण पेन हवेतच राहिलं. “मला सगळं कळलं गं. छान बोललीस. पण ही ओळ बघ, ‘शुद्ध इंग्रजीत’. ‘आय’ हा आईसाठी इंग्रजी शब्द नाही. एकदा ‘मदर’ म्हण, मी पास लिहितो, संपलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. पाच वर्षं बघत होती, हे मला तेव्हा कळलं.

“सायब,” ती हळूच म्हणाली, “त्या शुद्धमदी चूक हाय.”

“कुठल्या?”

“तक्त्यातल्या. द अर्धा, ध पूर्ण पायजे. तिथं उलटं छापलंय.”

झालं! पाच वर्षं झाकलेली अब्रू चव्हाट्यावर आली. साहेब उठले, माझ्या नाकाशी नाक लावून उभे राहिले आणि वाचलं. ‘शुध्द’. होय, शुद्धच अशुद्ध! छापणाऱ्याची घाई, तपासणाऱ्याची सही आणि माझा रुबाब. साहेबांनी चष्मा पुसून परत वाचलं. मग असे काही हसू लागले की मागची पाल घाबरून छपरात पळाली.

“बाई, अहो पाच वर्षं मी या तक्त्याखाली बसून परीक्षा घेतोय!” ते म्हणाले. “याच्यातलं ‘शुद्ध’च शुद्ध नाही. आणि हे पोरीला दिसलं, मला नाही.” खुर्चीत बसून त्यांनी कागदावर लिहिलं : जमते. खाली रेघ ओढली. समीक्षानं बाईंच्या कमरेला मिठी मारली आणि बाई पदरानं डोळे टिपत तिलाच रागावल्या, की मला आधी का नाही सांगितलंस भवाने.

“मला वाटलं तुमाला ठाव असंल,” ती म्हणाली.

जूनच्या शेवटी नवा तक्ता आला. चकचकीत आहे. त्याची सातवी ओळ मी उतरता उतरता वाचली. बाईंचे शब्द होते, जवळजवळ तसेच. कुणी रद्दीत टाकायच्या आत समीक्षानं मला मागून घेतलं.

आता मी तिच्या घरात चुलीमागच्या कुडावर आहे. उलटा टांगलाय, शिक्षा झालेल्या पोरासारखं तोंड भिंतीकडे. माझ्या कोऱ्या पाठीवर तिनं मार्करनं अक्षरं काढली आहेत. मला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या शाळेत नवा तक्ता लागला असेल तर एकदा तरी वाचा हो त्याला, मग पोरांना मोजा.

परवा संध्याकाळी सुंदरा गोडाऊनहून आली, हातपाय धुऊन चुलीपाशी टेकली. लेकीनं तिला माझ्या पाठीपुढे बसवलं.

“म्हन गो आये. आय ॲम... आनि मंग तुजं नाव.”

“नको गो, दमलेय मी. माजं काय शाळेत जायचं वय हाय?”

“एकदाच म्हन.”

चूल फुंकल्याचा आवाज आला, मग बांगड्यांचा. मग सुंदरा अडखळत, पण मोठ्यानं म्हणाली, “आय... ॲम... आय.”

पोर हसत सुटली. “आये, नाव म्हन, नाव!”

“का? चुकलं का काय?”

पोर हसायची थांबली. “नाय,” ती म्हणाली. “बरोबर हाय.”

मी भिंतीकडे तोंड करून माझी सातवी ओळ मनाशी म्हणून पाहिली. स्वतःविषयी. कुटुंबाविषयी. पूर्ण वाक्यात. जमते.