आधी चिलखत, मग पेला

मी एक भुईआवळी बोलते आहे. एका घड्याळजीचे यकृत बिघडले, त्यात माझा वाटा होता, हे आरंभीच सांगते. विष दुसऱ्याचे होते; ते निर्धास्तपणे पिण्याची मुभा मात्र माझ्या नावावर घेतली गेली.

माझा जन्म आगंतुकाचा. घड्याळजीच्या घरी, त्याच्या कामाच्या मेजालगतच्या खिडकीत, मोगऱ्याची कुंडी होती. तिच्यात मी न विचारता उगवले. वीतभर उंची, आवळ्यासारखी बारीक पाने आणि पानांच्या पाठीमागे ओळीने लपलेली मोहरीएवढी फळे, एवढीच माझी संपत्ती. घड्याळजीची बायको मला तण समजून उपटणार, तोच लेक ओरडली, "आई, थांब! ही भुईआवळी आहे. आमच्या प्रयोगशाळेत हिच्यावरच तर काम चाललंय."

लेक औषधी वनस्पतींतील द्रव्यांचा अभ्यास करीत असे. त्या दिवशी जेवताना ती मोठ्या उत्साहाने म्हणाली, "उंदरांना आधी हिचा अर्क दिला आणि मग यकृत बिघडवणारं विष. ज्यांना अर्क मिळाला होता, त्यांची यकृतं पुष्कळच वाचली."

मोगऱ्यादेखत माझी मान ताठ झाली. आगंतुकाला एवढा मान!

घड्याळजीने मात्र त्या बोलण्यातले आपल्या सोयीचे तेवढे उचलले. त्याला रोज सायंकाळी दारू लागत असे. दुसऱ्या दिवसापासून तो माझे डहाळे खुडू लागला. ते वाटून, गाळून, तोंड वाकडे करीत तो रस पिई आणि लगेच पेला भरी. आधी अर्क, मग विष. क्रम अगदी प्रयोगातलाच.

"आधी चिलखत, मग लढाई!" तो बायकोला म्हणे.

"लढाई रोज हरताय, आणि चिलखताचं कौतुक मला सांगताय!" भांडी आवरता आवरता ती उत्तर देई.

पूर्वी तो एका पेल्यावर थांबे, तोही चोरून. आता बायकोपासूनची चोरी संपली आणि पेले वाढले. लेक कामावरून परते, तोवर ते धुऊन पालथे घातलेले असत.

सूर्य कलला, की आम्हा भुईआवळींची पाने मिटतात. माणसे त्याला झोप म्हणतात. त्या खिडकीत मी पाने मिटून घेई ती लाजेने. पण मिटलेल्या पानांवरही त्याची बोटे येतच.

पुढे ती बोटेच थरथरू लागली. एके सकाळी चिमट्यातला केसाएवढा स्क्रू निसटला आणि माझ्या कुंडीत पडला. भिंग डोळ्याला लावून घड्याळजी माती चिवडू लागला. लेक मदतीला आली. "सापडत नाही गं," म्हणत त्याने भिंग काढले आणि तिच्याकडे पाहिले. ती स्क्रू विसरली.

"बाबा, जरा उजेडाकडे बघा. डोळे पिवळे झालेत तुमचे!"

"असू दे गं. तुझी भुईआवळी घेतोय ना मी रोज! पेल्याच्या आधी. तूच तर सांगितलंस."

लेकीने मातीतला हात काढला. "मी अर्धंच सांगितलं," ती हळू आवाजात म्हणाली. "विष रोज देत राहिलो, तेव्हा अर्क घेतलेले उंदीरही वाचले नाहीत. कौतुकाच्या भरात ते सांगायचं राहूनच गेलं."

"म्हणजे रस थोडा वाढवायला हवा म्हण की," घड्याळजीने विनोद करून पाहिला.

"बाबा, त्या उंदरांना विष आम्ही पाजलं. तुम्हाला कोण पाजतंय?"

त्याने भिंग मेजावर ठेवले. मला वाटले, आता याने मला मुळासकट उपटावे. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, की यकृत सुजले आहे. दारू सुटली तर ते सावरेल, न सुटली तर कोणताही पाला त्याला वाचवणार नाही. दारू सोडताना होणाऱ्या त्रासावर त्यांनी औषध दिले आणि आपल्या मनाने कोणताही रस घेण्यास मनाई केली.

माणसांनो, माझ्या पानांत गुण असेल, तर तो खुशाल शोधा. मात्र पेल्यापुढे ढाल म्हणून मला उभे करू नका. ते ओझे माझ्या वीतभर देहाला पेलत नाही.

शेवटी त्याच मेजाभोवती ठरले ते असे: दारू बंद, रस बंद, तपासणीला लेक सोबत जाणार, आणि मी कुंडीतच राहणार. लेकीने मान्य केले. बायकोनेही केले, एवढेच म्हणाली, "बाटली मी ओतणार नाही. ज्याची त्यानं ओतावी." घड्याळजी सर्वांत शेवटी "बरं" म्हणाला आणि बाटली घेऊन मोरीकडे गेला. त्याचा हात कापत होता. पण आधार द्यायला कोणी उठले नाही.

माझी संमती कोणी विचारली नाही. ती मी येथे देते.