डाव्या हाताचे ठोके

"हे डावऱ्या माणसाच्या हातोड्याचे ठोके आहेत," गाडीखाली उताणी पडलेली, जुन्या गाड्या पारखणारी तज्ज्ञ बाई म्हणाली, आणि गॅरेजातल्या मामांचा डावा हात आपसूक खिशात गेला.

बाईने मडगार्डच्या आतल्या बाजूला विजेरी धरली होती. अशा गाड्या जगात सहाच. कारखान्यातून नुसता सांगाडा आणि इंजिन यायचं. वरची बॉडी एका नामांकित कार्यशाळेत पत्रा ठोकून हाताने घडवायचे. तिथे डावरा कारागीर कधीच नव्हता, असं बाई सांगत होती. मालकांचा मुलगा मामांकडे बघून गोड हसला. ते हसू मामा चांगलं ओळखून होते. विकायला काढलेली गाडी अस्सल ठरली नाही तर गॅरेजमागची खोली रिकामी करा, असं त्याने सकाळीच चहा देता देता सांगून टाकलं होतं. त्या खोलीत मामांची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला घेऊन जायचं तरी कुठे?

थोरल्या मालकांच्या हातून शर्यतीत गाडी जळाली, तेव्हा मामा तिशीत होते. त्या काळ्या सांगाड्यावर त्यांनी अकरा महिने पत्रा ठोकला, फोटो बघून, तळव्याने चाचपून. एका कानाने तेव्हाच कायमची रजा घेतली. पुढे जन्मभर लोकांच्या गाड्यांचे पोचे काढले. आपलं म्हणावं असं काम एवढं एकच. मालकांनी पाठ थोपटली आणि बाहेर बोलायचं नाही म्हणून बजावलं.

बाई कपडे झटकत उठली. "मामा, तुम्ही इथे चाळीस वर्षं आहात. ही बॉडी कधी नव्याने केली होती का?"

मागच्या खिडकीतून बायकोचं खोकणं ऐकू आलं.

"नाही मॅडम. पहिल्यापासून अशीच आहे. मी नुसती पुसतो."

बाईने तसं लिहून सहीसाठी कागद पुढे केला. मग मडगार्डवरून हात फिरवत म्हणाली, "ज्याने कुणी केलं, त्याचा हात मूळ कारागिरापेक्षा सरस होता. मला त्याला एकदा भेटायचं होतं."

इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते नेमकं आज.

त्यांनी पेन उजव्या हातात धरलं. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी उमटली.

"वय झालंय त्यांचं," मालकांचा मुलगा घाईघाईने म्हणाला.

बाईने सहीकडे पाहिलं, मग मामांच्या खिशाकडे. तिने कागदाची घडी घालून तो बॅगेत ठेवला.

मामांनी फडकं उचललं आणि उजव्याच हाताने गाडी पुसायला घेतली.