कर्ण्यातला पोचा

आखाती देशातल्या राई भागातल्या आपल्या गॅरेजात सर्फराजनं आजवर हजारेक गाड्यांचे पोचे काढले असतील, पण पितळी वाद्य त्याच्याकडे कधी आलं नव्हतं. आणलं त्याच्या लेकीनं, युसरानं. ती कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीत कामाला. सोबत डेन्मार्कचा सत्तरीचा म्हातारा. विमानात त्याच्या ट्रॉम्बोनची सरकती नळी चेपली होती, आणि आज संध्याकाळी सालमियात कार्यक्रम!

"अब्बा, साधासुधा माणूस नाही हा," युसरा म्हणाली. जॅझमध्ये ट्रॉम्बोनवाले मागच्या रांगेत बसायचे. हा एकटाच पुढे येऊन उभा राहिला. फुंकता फुंकता गळ्यानं गायचा, एका नळीतून दोन आवाज काढायचा. आधी लोकांनी टिंगल केली, मग सात देशांतून शिष्य आले. "नळी तेवढी बघा."

"बरं बरं, चहा पाज त्यांना," म्हणत सर्फराजनं दोघांना समोरच्या हॉटेलात पिटाळलं. नळीत पोलादी सळई घालून हलक्या हातानं चेप काढली. काम फत्ते! मग नजर गेली पुढच्या रुंद कर्ण्यावर. वाटीएवढा जुना पोचा! एवढा नावाजलेला माणूस, आणि वाद्याची ही दशा? सर्फराजला राहवेना. त्यानं तोही काढला, वर पॉलिश मारलं, आणि तेही फुकट. हौस दांडगी ना!

म्हातारा परतला, कर्ण्यावरून हात फिरवला आणि पांढराफटक पडला. युसराच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस वर्षांपूर्वी वाद्य जिन्यावरून पडलं, तेव्हाचा तो पोचा. त्याचा प्रसिद्ध घोगरा सूर त्यानंतरच निघू लागला होता. म्हणून त्यानं दुसरं वाद्य कधी घेतलं नाही, की याच्या कर्ण्याला कुणाला हात लावू दिला नाही. "आता मी संपलो," तो म्हणाला.

सर्फराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "वाजवून तरी बघा म्हणावं," तो कसाबसा बोलला.

म्हाताऱ्यानं फुंकलं. तोच घोगरा सूर, तसाच्या तसा! युसरानं टाळ्या पिटल्या. म्हातारा मात्र मटकन स्टुलावर बसला आणि काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतायत?"

"म्हणतात, मग इतकी वर्षं हे सगळं मीच करत होतो?"

"मग काय पोचा करत होता?" सर्फराज तडकला.

युसरानं ते इंग्रजीत सांगितलं. म्हातारा ढसाढसा रडू लागला. आता आणखी काय बिघडवलं आपण, म्हणून सर्फराज पुन्हा घाबरला.