जांभळीखालची झोळी

"पेन उचलण्याआधी विषम कोपरे मोजत जा," असं साकोलीच्या कॉलेजात मैत्रीण रुचिकानं बजावलं होतं. हर्षानं ते हसण्यावारी नेलं. हात न उचलता आकृतीची प्रत्येक रेघ एकदाच गिरवायची, त्याला मोजदाद कशाला?

आज सानगडीच्या शिवारात तिच्या हाती पेनाऐवजी तुरीचं बियाणं होतं. धानाची रोवणी झालेल्या दोन बांध्या, म्हणजे खाचरं, शेजारी-शेजारी; भोवती मातीच्या बांधांचे धुरे, मध्येही एक धुरा. धुऱ्यांवर ओला चिखल थापलेला. बोटानं दाणा टोबला की तिथं पुन्हा पाय द्यायचा नाही. मधला धुरा बाहेरच्याला मिळतो त्यातल्या एका कोपऱ्यावर आंबा, आंब्याला साडीची झोळी, झोळीत तान्ही गुड्डी. हर्षाचा अर्धा जीव तिथंच.

"पोरीपासून निघते आन् पोरीपाशीच येते, आई," ती सासूला म्हणाली. सत्यभामाबाई पलीकडच्या बांधीत बायकांसोबत रोवत होत्या.

एकही धुरा दुसऱ्यांदा न तुडवता हर्षानं सगळे संपवले. मान वर केली तर ती मधल्या धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला उभी. परतीच्या प्रत्येक धुऱ्यात तूर. आणि नेमकी गुड्डी रडायला लागली.

"आता कोन्या रस्त्यानं येतेस वं?" सत्यभामाबाईंनी विचारलं. "उडून?"

हर्षा मधल्या धुऱ्यावरूनच धावत सुटली.

"उगवाच्या आधीच डाळ भरडली वं तुनं," सासू म्हणाली, आणि सगळी बांधी हसली.

पोरीला पाजता पाजता हर्षानं मोजलं. दोनच कोपऱ्यांवर तीन-तीन धुरे मिळत होते, बाकी सगळीकडे दोन. तिनाच्या कोपऱ्यात येण्याजाण्याची जोडी जमत नाही. एकातून निघालं की दुसऱ्यातच संपायचं. रुचिकाचे विषम कोपरे ते हेच.

पुढच्या जोडबांधीला तिनं झोळी तशाच कोपऱ्यावरच्या जांभळीला बांधली, आणि बियाणं घेऊन आधी मधल्या धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला निघाली.

"आता काहून तिकडे जाऊन राहिली?"

"तिकडून निघाली तरच इथं पोचते, आई."

"पोरीपाशी याले पोरीपासून दूर जाच लागते म्हणते. कॉलेजात हेच शिकवतेत काय?"

"हेच तं शिकवतेत."

गणित पक्कं आहे, ती जांभळीखालीच पोचणार. पण इतक्या लांबून झोळी वाऱ्यानं हलते की गुड्डीनं, ते काही कळत नाही. तेव्हा जांभळीजवळच्या पांदणीनं, त्या गाडीवाटेनं जाणार असाल, तर झोळीत जरा डोकावा. झोपली असेल तर हर्षाला नुसता हात दाखवा, उठली असेल तर हाक मारा. फक्त धुऱ्यावर पाय देऊ नका.